एक अल्बम, दोन भाषा: बारोन रोहोच्या 'बोलूमेन ब्रुताल'चं प्रकरण

फेब्रुवारी १९८२ मध्ये स्पेनच्या रेकॉर्ड दुकानांत एक अल्बम आला. नाव 'बोलूमेन ब्रुताल', म्हणजे अमानुष आवाज. बँडचं नाव बारोन रोहो, लाल उमराव. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक मान्फ्रेड फॉन रिख्टहोफेन याच टोपणनावाने ओळखला जायचा. बँड माद्रिदचा, ध्वनिमुद्रण लंडनचं. त्याच वर्षी हाच अल्बम इंग्रजीतही निघाला. गाणी तीच आणि वाजवणारेही तेच, फक्त गाण्याची भाषा वेगळी.

एखादी रेकॉर्ड का चालली याची चर्चा करताना नेहमी एक अडचण येते. चाल चांगली होती, काळ अनुकूल होता, कंपनीने पैसा ओतला, गायक देखणा होता, अशी दहा कारणं एकमेकांत अडकलेली असतात आणि कुठल्याही एकाला धरून निकाल देता येतो. इथे त्यातली बरीच कारणं आपोआप बाजूला होतात. स्पॅनिश आवृत्तीने बारोन रोहोला देशातल्या हार्ड रॉकच्या पहिल्या फळीत नेऊन बसवलं. इंग्रजी आवृत्तीने ब्रिटनमध्ये थोडी दखल मिळवली, एका मोठ्या महोत्सवाचं दार उघडलं, आणि आज ती मुख्यतः संग्राहकांच्या कपाटात आहे.

'शेवटी मायबोलीच खरी' असं म्हणून प्रकरण मिटवण्याचा मोह होतो, पण तेवढ्याने भागत नाही. त्याच १९८२ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या स्कॉर्पिअन्सनी 'ब्लॅकआउट' हा अल्बम इंग्रजीत काढला आणि तो अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहांत पोचला. त्यांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. मग त्यांना जमलं ते माद्रिदच्या चौघांना का जमलं नाही? आणि लंडनला जाऊन केलेली सगळी उठाठेव फुकट गेली का? माझ्या मते मुळीच नाही. बँडने लंडनकडून दोन गोष्टी मागितल्या होत्या, आवाज आणि बाजार. बाजार मिळाला नाही. आवाज मात्र मिळाला, आणि त्या आवाजाने घरचा बाजार जिंकून दिला.

चौघे कुठून आले

बारोन रोहोची सुरुवात १९८० ची. आर्मान्दो दे कास्त्रो हा मुख्य गिटारवादक आणि त्याचा भाऊ कार्लोस हा गिटार वाजवणारा, गाणारा. दोघेही आधी 'कोझ' नावाच्या बँडमध्ये होते. कोझचा ओढा सोप्या, रेडिओवर लगेच वाजतील अशा गाण्यांकडे चालला होता, आणि या दोघांना हवं होतं जड संगीत. त्यांनी कोझ सोडलं. बास आणि गाण्यासाठी होसे लुईस काम्पुसानो आला, ज्याला सगळे 'शेर्पा' म्हणत, आणि ड्रमवर बसला एर्मेस कालाब्रिया, मूळचा उरुग्वेचा. पुढे कोझला 'लास चिकास सोन गेर्रेरास' या गाण्याने मोठं व्यावसायिक यश मिळालं. म्हणजे सोडून गेलेल्यांनी तोट्याचा सौदा केला असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढता आलं नसतं.

या चौघांच्या मागे आणखी दोन माणसं होती आणि त्यांच्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. एक कारोलिना कोर्तेस, शेर्पाची पत्नी. बँडच्या कितीतरी गाण्यांचे बोल तिचे आहेत किंवा तिने शेर्पासोबत लिहिलेले आहेत. हेवी मेटलच्या पुरुषी इतिहासात अशी नावं सहसा तळटीपेत जातात, म्हणून इथे मुद्दाम वर घेतलं. दुसरा बिसेन्ते रोमेरो, टोपणनाव 'मारिस्काल', म्हणजे सरसेनापती. रेडिओवरचा निवेदक, निर्माता आणि 'चापा दिस्कोस' या लेबलचा कर्ताधर्ता. चापा हे झाफिरो या मोठ्या कंपनीचं उपलेबल. आस्फाल्तो, न्यू, लेन्यो, तोपो, ओबुस ही माद्रिदच्या रॉकमधली नावं चापावरूनच बाहेर आली. स्पॅनिशमध्ये गाणारं रॉक विकता येतं यावर पैसे लावणारी माणसं त्या काळात फार नव्हती आणि रोमेरो त्यांतला एक होता.

थोडं मागे जायला हवं. हुकूमशहा फ्रान्को २० नोव्हेंबर १९७५ ला वारला. त्याच्या राजवटीत गाण्याचे बोल आधी सरकारी खात्याकडून मंजूर करून घ्यावे लागत. रॉकला सरसकट बंदी नव्हती, पण इंग्रजीत गायलं की निम्मी कटकट वाचायची, शिवाय परदेशात विकण्याची आशा असायची. माद्रिदच्या लोस ब्राव्होसचं 'ब्लॅक इज ब्लॅक' १९६६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे गाजलं. त्यांचा गायक जर्मन होता आणि गाणं इंग्रजी. म्हणजे 'बाहेर जायचं तर इंग्रजी' हा धडा स्पॅनिश संगीत व्यवसायाने सोळा वर्षं आधीच गिरवलेला होता. १९७० च्या दशकाच्या शेवटी वारं उलटं फिरलं. १९७८ ला नवी राज्यघटना आली, आणि लेन्योसारखे बँड माद्रिदच्या कामगार वस्त्यांची बोली जशीच्या तशी गाऊ लागले. बायेकास, काराबान्चेल या भागांतली पोरं पहिल्यांदाच रॉकमध्ये स्वतःचं बोलणं ऐकत होती.

बारोन रोहोचा पहिला अल्बम 'लार्गा बिदा आल रॉक अँड रोल' १९८१ चा. रॉक अँड रोलला दीर्घायुष्य लाभो, असा त्याचा अर्थ. तो चांगला चालला. बँडची ओळख झाली, मैफिली भरू लागल्या. पण आज तो ऐकला की जाणवतं, वाजवणारे जेवढ्या जोरात वाजवत आहेत तेवढं टेपवर उतरलेलं नाही.

लंडनला का जायचं

इथून प्रकरणातला पहिला खरा निर्णय. दुसरा अल्बम माद्रिदमध्येच करता आला असता. स्टुडिओ होते, खर्च कमी आला असता. रोमेरो आणि बँडने लंडन निवडलं, आणि लंडनमध्येही नेमका किंग्जवे.

होबर्न भागातला हा स्टुडिओ आधी 'डी लेन ली' या नावाने चालायचा. दि ॲनिमल्सनी १९६४ मध्ये 'हाउस ऑफ द रायझिंग सन' तिथे केलं, जिमी हेंड्रिक्सचं 'हे जो' १९६६ मध्ये तिथलंच. पुढे डीप पर्पलचा गायक इयन गिलन याने ती जागा घेतली. म्हणजे तिथल्या भिंतींना मोठ्या आवाजाची सवय होती. ही थट्टा नाही. हार्ड रॉकचं ध्वनिमुद्रण हे मुळात मोठा आवाज काबूत ठेवण्याचं काम आहे. सुरेल पॉप किंवा वाद्यवृंद टिपायला शिकलेल्या तंत्रज्ञाला गिटारचं फाटणं हा दोष वाटतो. मीटरची सुई लाल पट्ट्यात गेली की तो आवाज खाली ओढतो. ड्रमवर घोंगड्या टाकून घुमणं मारतो. शेवटी हाती येतं ते स्वच्छ आणि बुळबुळीत. हार्ड रॉक करणारा तंत्रज्ञ उलट वागतो. फाटणं ठेवतो, पण ते कुठल्या पट्टीत ठेवायचं हे ठरवतो. ड्रमपासून लांब एखादा मायक्रोफोन लावून खोलीचा आवाजही घेतो. दोन गिटार असतील तर एक डावीकडे, एक उजवीकडे बसवतो आणि मधली जागा बास, ड्रम आणि गळ्यासाठी मोकळी सोडतो. माद्रिदमध्ये हे ठाऊक असलेली माणसं तेव्हा मोजकी होती. लंडनमध्ये तो रोजचा धंदा होता.

आणि बारोन रोहोला याची गरज इतरांपेक्षा जास्त होती, कारण त्यांचा सगळा डोलारा दोन भावांच्या दोन गिटारींवर उभा होता. आर्मान्दोचे धावते सोलो आणि कार्लोसची खालून येणारी धार एकमेकांत मिसळली की दोघांचंही नुकसान. 'बोलूमेन ब्रुताल'मध्ये त्या वेगळ्या ऐकू येतात. पहिलंच गाणं 'इन्कोमुनिकासिओन' लावलं तरी आधीच्या अल्बमपेक्षा पडलेला फरक कळायला कानसेन असावं लागत नाही.

किंग्जवेला गेल्याने ओळखीही झाल्या. गिलनच्या बँडमधला कीबोर्डवादक कॉलिन टाउन्स अल्बमवर वाजवून गेला. किंग क्रिम्सन आणि कॅमल या ब्रिटिश बँडांसोबत वाजवलेला सॅक्सोफोनवादक मेल कॉलिन्सही. कागदावर ही नावं मोठी दिसतात, आणि घरी गेल्यावर जाहिरातीला उपयोगी पडतात. ऐकताना मात्र अल्बम चौघांचाच वाटतो, आणि ते बरंच झालं.

गाणी, आणि ओळीच्या शेवटचा घाव

अल्बममध्ये दहा गाणी आहेत. सगळ्यांवर लिहीत बसत नाही. 'दामे ला ओपोर्तुनिदाद' आणि 'सातानिको प्लान' ही ठीक आहेत, मैफिलीत चालतात. 'लास फ्लोरेस देल माल'चं नाव फ्रेंच कवी बोदलेरच्या कवितासंग्रहाचं आहे. 'एल बारोन बुएला सोब्रे इंग्लातेर्रा', म्हणजे उमराव इंग्लंडवरून उडतो, हे नाव वाचून बँडची तेव्हाची घमेंड कळते. शिवाय बेत काय होता तेही कळतं.

थांबायचं ते तीन ठिकाणी. 'लोस रोकेरोस बान आल इन्फिएर्नो', रॉकवाले नरकात जातात. चर्चच्या आणि सभ्य समाजाच्या शापाला दिलेलं उत्तर: तुम्ही आणि रॉक यांतून निवडायची वेळ आली तर आम्ही आमचा सर्वनाश निवडू. ब्रिटनमध्ये त्या काळी नरक-सैतान हा मेटलचा सजावटीचा माल होता. चाळीस वर्षं कॅथलिक हुकूमशाहीत काढलेल्या देशात तसं नव्हतं. ज्याच्या आईने त्याला खरोखरच नरकाची भीती घालून वाढवलंय, त्याने हे गाणं मित्रांबरोबर ओरडून म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरं 'रेसिस्तिरे', मी टिकून राहीन. याच नावाचं दुओ दिनामिकोचं पॉप गाणं १९८८ चं. २०२० च्या टाळेबंदीत स्पेनच्या गच्च्यांवरून लोक गात होते ते हे १९८८ चं गाणं. बारोन रोहोचं सहा वर्षं जुनं आहे आणि त्यात दिलासा कमी, राग जास्त. तिसरं 'कोन्सिएर्तो पारा एय्योस', मरून गेलेल्या रॉक कलावंतांना वाहिलेली मैफल. लांब, जरा भाबडं, पण मला अल्बममधलं सगळ्यात आवडतं. परिघावरच्या देशातला बँड स्वतःला एका घराण्याचा वारस म्हणून जाहीर करतो आहे, तेही लंडनच्या त्या खोलीत जिथे हेंड्रिक्स वाजवून गेला होता.

आता एक बारकावा, जो मला या अल्बमच्या यशाच्या अगदी मुळाशी वाटतो. हार्ड रॉकमध्ये रिफ म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ, आणि तिचा शेवट ठोक्यावर आपटतो. गाण्याची ओळही तिथेच आपटायला हवी. इंग्रजीत हे सोपं आहे, कारण एका स्वराचे टणक शब्द मुबलक. स्पॅनिश शब्द लांब, स्वरांनी भरलेले, आणि बहुतेकांचा जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे शेवट मऊ पडतो. 'स्पॅनिश रॉकला चालत नाही' असं जे वर्षानुवर्षं म्हटलं जायचं त्याला इतका आधार होता. पण स्पॅनिशमध्ये शेवटच्या अक्षरावर जोर येणाऱ्या शब्दांचीही मोठी फौज आहे: भविष्यकाळी क्रियापदं, 'सिओन'ने आणि 'दाद'ने संपणारी नामं. आता गाण्यांची नावं पुन्हा म्हणून पाहा. रेसिस्ति-रे. इन्कोमुनिका-सिओन. ओपोर्तुनि-दाद. अल्बमचं नावसुद्धा, ब्रु-ताल. ओळ लांब धावते आणि शेवटी हातोडा पडतो. कोर्तेस आणि शेर्पाने हे ठरवून केलं की कानाने, याने फरक पडत नाही. स्पॅनिशला रिफवर बसवण्याची एक रीत त्यांना सापडली होती आणि लंडनच्या ध्वनिमुद्रणात ती स्पष्ट ऐकू येते.

इंग्रजी आवृत्ती

दुसरा निर्णय इंग्रजीचा. गाण्यांच्या इंग्रजी बोलांसाठी ज्याची मदत झाली तो ब्रूस डिकिन्सन. १९८१ च्या शरद ऋतूत तो आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडमध्ये आला होता, आणि त्याच्या आवाजातला पहिला मेडन अल्बम 'द नंबर ऑफ द बीस्ट' मार्च १९८२ ला बाहेर पडायचा होता. म्हणजे जगातला एक सर्वांत नावाजलेला मेटल गायक, नावाजला जाण्याच्या उंबरठ्यावर असताना, माद्रिदच्या बँडला इंग्रजी बोल जुळवून देत होता. (आपल्याकडच्या ज्यांनी १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत मेडनची मैफल ऐकली, त्यांनी ज्याला पाहिलं तोच हा. त्या विश्वदौऱ्याची सुरुवातच मुंबईने झाली होती, आणि बँडचं बोइंग विमानही डिकिन्सनच चालवत होता.)

तेव्हा मदत चांगली होती, यात वाद नाही. अडचण दुसरीकडे होती. गाणं आधी स्पॅनिशमध्ये बांधलेलं, त्याचे ठोके स्पॅनिश शब्दांवर तोललेले. त्यावर इंग्रजी बसवायची म्हणजे शिवलेल्या सदऱ्यात दुसरं अंग घालायचं. बोल अर्थाला धरून ठेवले तर ओळ तुटते, ओळ सांभाळली तर अर्थ पातळ होतो. आणि नंतर ते गायचं कुणी? शेर्पा आणि कार्लोसनेच. स्पॅनिश जिभेला शब्दाच्या सुरुवातीचं 'स्ट', 'स्प' जड जातं, आपोआप पुढे 'ए' लागतो. आपल्याकडे 'इस्टेशन', 'इस्कूल' होतं तसंच. दोघांनी मेहनत घेतलेली ऐकू येते. पण स्पॅनिशमध्ये बेफिकीर सुटणारा गळा इंग्रजीत जपून चालतो. हार्ड रॉकमध्ये जपून चालणं ऐकणाऱ्याला लगेच कळतं. उच्चार चुकला तरी माफ होतो. बिचकणं होत नाही.

ब्रिटनमध्ये हा अल्बम कॅमाफ्लाज या छोट्या लेबलने वितरित केला. २७ ते २९ ऑगस्ट १९८२ च्या रीडिंग महोत्सवात बारोन रोहोला जागा मिळाली. त्या तीन दिवसांच्या यादीत आयर्न मेडन, मायकेल शेंकर ग्रुप, बजी, गॅरी मूर होते. फॉकलंडचं युद्ध जूनमध्येच संपलेलं. ब्रिटनचा शत्रू अर्जेंटिना, म्हणजे स्पॅनिश बोलणारा देश, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अर्जेंटिनाला माघार घ्यायला सांगणाऱ्या ठरावावर स्पेन तटस्थ राहिलेला. अशा उन्हाळ्यात माद्रिदचा बँड इंग्लंडच्या मैदानात उभा राहिला, ही गंमत आहे. पण ब्रिटनमध्ये अल्बम न चालण्याचं खापर मी युद्धावर फोडणार नाही. कारण बरंच रूक्ष आहे. 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' म्हणून जी लाट ओळखली जाते तिला तोवर दोन-तीन वर्षं होऊन गेली होती. प्रत्येक औद्योगिक शहरात चार-दोन बँड. श्रोत्याला शनिवारी संध्याकाळी चालत जाऊन उत्तम मेटल ऐकता येत होतं. त्याला बारोन रोहोची गरज नव्हती. ते आणखी एक चांगला बँड होते, जरा परक्या उच्चारांचा.

स्कॉर्पिअन्सशी तुलना इथे उपयोगी पडते. त्यांनी १९७२ च्या पहिल्या अल्बमपासूनच इंग्रजी धरली. गाणी इंग्रजीतच जन्माला यायची, त्यांची जर्मन मूळ प्रत नव्हतीच. शिवाय दहा वर्षं गावोगाव, देशोदेशी वाजवून मग १९८२ चं यश. बारोन रोहोने इंग्रजी ही एका अल्बमपुरती जोड म्हणून घेतली. घरी स्पॅनिशमध्ये भरलेली सभागृहं वाट पाहत असताना कोण ब्रिटनच्या क्लबांत रिकाम्या खुर्च्यांपुढे वर्षं घालवील? त्यांना दोष देता येत नाही. पण मग ती बाजारपेठ मिळायचीही नव्हती.

घरी काय घडलं

ब्रिटनमध्ये पुरवठा जास्त आणि मागणी भागलेली. स्पेनमध्ये अगदी उलट. २३ फेब्रुवारी १९८१ ला नागरी सुरक्षा दलाचा एक लेफ्टनंट कर्नल पिस्तूल घेऊन संसदेत घुसला होता, बंडाचा तो प्रयत्न फसला. ऑक्टोबर १९८२ मध्ये समाजवादी पक्ष २०२ जागा जिंकून सत्तेवर आला. मधल्या काळात बेकारीचा दर १५ टक्क्यांच्या पुढे गेलेला आणि त्यात तरुण सगळ्यात आधी भरडलेले. अशा देशात 'मी टिकून राहीन' असं जोरात म्हणणारा, आणि लंडनच्या बँडांइतकाच दणदणीत ऐकू येणारा स्वतःच्या भाषेतला बँड. ब्रिटिश मेटल आवडणाऱ्या पोरांना आजवर दोन्हींतलं एकच निवडावं लागत होतं: आवाज चांगला तर शब्द परके, शब्द आपले तर आवाज कच्चा. 'बोलूमेन ब्रुताल'ने ती निवड संपवली.

आणि इथे लंडनचा दुसरा फायदा दिसतो. किंग्जवे, गिलन, डिकिन्सन, रीडिंग ही नावं ब्रिटनमध्ये रोजची होती, माद्रिदमध्ये ती प्रमाणपत्रं ठरली. न्यूनगंडाने ग्रासलेल्या संगीतविश्वाला बाहेरून शिक्का हवा असतो. तो कितपत खरा याची चौकशी कुणी करत नाही. इंग्रजी आवृत्ती ब्रिटनमध्ये किती खपली याने घरी काही फरक पडत नव्हता. 'आपली पोरं तिकडे वाजवून आली' एवढं पुरेसं होतं. मला हे जरा केविलवाणं वाटतं, पण घडलं तसंच.

मोव्हिदा माद्रिलेन्या, म्हणजे फ्रान्कोनंतरची माद्रिदची ती सांस्कृतिक उसळी, आज परदेशी वाचकाला चित्रपटांमुळे आणि रंगीबेरंगी पॉपमुळे आठवते. तिच्या कथेत हेवी मेटलला फारशी जागा नाही. वर्तमानपत्रांच्या सांस्कृतिक पानांना चामडी जाकिटांतली उपनगरी पोरं गावंढळ वाटायची. पण १९८२ च्या माद्रिदमध्ये सभागृहं भरत होती ती बऱ्याच अंशी या पोरांच्या तिकिटांवर. त्याच वर्षी मार्चमध्ये गायक मिगेल रिओसने रेआल माद्रिदच्या क्रीडागृहात केलेलं थेट मैफलीचं ध्वनिमुद्रण 'रॉक अँड रिओस' म्हणून निघालं आणि प्रचंड खपलं. जुलैत रोलिंग स्टोन्स माद्रिदला आले, वादळी पावसात वाजवून गेले. रॉक हा आता शौकिनांचा छंद राहिला नव्हता. बारोन रोहोचा अल्बम ऐन वेळेवर आला, हे श्रेय नशिबाचं. अल्बम तयार असणं हे त्यांचं.

नंतर

'मेटलमॉर्फोसिस' १९८३ मध्ये आला. पुन्हा लंडन, आणि फक्त स्पॅनिश. म्हणजे पहिल्या वेळच्या दोन निर्णयांपैकी कुठला फळला हे बँडलाही कळलं होतं. त्यातलं 'सिएम्प्रे एस्ताइस आय्यी' हे गाणं थेट चाहत्यांना उद्देशून आहे, तुम्ही नेहमी तिथे असता, अशा अर्थाचं. फेब्रुवारी १९८४ मध्ये रेआल माद्रिदच्या त्याच क्रीडागृहात त्यांनी मैफिली केल्या आणि त्यांतून 'बारोन आल रोहो बिबो' हा दुहेरी थेट अल्बम निघाला. तो ऐकला की स्टुडिओ अल्बमचा हिशेब लागतो. 'लोस रोकेरोस' सुरू होतं आणि गर्दी बँडच्या पुढे धावते, शेवटचं अक्षर हजारो गळ्यांनी एकदम आपटतं.

स्पॅनिशचा आणखी एक फायदा बँडने मागितलाच नव्हता. अटलांटिकच्या पलीकडे त्याच भाषेचे डझनावारी देश होते. मेक्सिकोपासून अर्जेंटिना-चिलीपर्यंत हार्ड रॉक ऐकणाऱ्यांना अमेरिकन आणि ब्रिटिश रेकॉर्डी माहीत होत्या, पण त्याच तोडीच्या आवाजात स्वतःच्या भाषेतलं मेटल फार नव्हतं. फॉकलंड युद्धाच्या काळात अर्जेंटिनाच्या रेडिओने इंग्रजी गाणी बाजूला ठेवली आणि स्पॅनिश रॉकला अचानक मोकळं रान मिळालं. त्याचा मुख्य लाभ तिथल्याच कलावंतांना झाला. तरी स्पॅनिशमधलं रॉक म्हणजे दुय्यम, हा समज त्यानंतर टिकला नाही. बारोन रोहो पुढच्या काळात लॅटिन अमेरिकेत दौरे करत राहिले आणि तिथे आजही त्यांची ओळख 'बोलूमेन ब्रुताल'वाले अशीच आहे. इंग्रजी बोल जुळवून जी सीमा ओलांडायची होती तिच्यापेक्षा मोठी सीमा मूळ बोलांनी ओलांडली.

दशक संपता संपता चौघांचं पटेनासं झालं. १९८९ मध्ये शेर्पा आणि एर्मेस बाहेर पडले, दे कास्त्रो बंधूंनी नवे साथीदार घेऊन बँडचं नाव चालू ठेवलं. २०१० च्या सुमारास मूळ चौघे काही मैफिलींसाठी पुन्हा एकत्र आले, मग पुन्हा आपापल्या वाटेने गेले. भावांच्या बँडने वादक बरेच बदलले, अल्बमही आणखी काढले. मैफलीचा मुख्य आधार मात्र लंडनच्या त्या स्टुडिओत केलेली गाणीच राहिली, आणि ती गायली जातात स्पॅनिशमध्ये.